अप्पांचा दुसरा तांब्या

उदगीरच्या मुलींच्या शाळेत मी तिसरीला भूगोल शिकवते. तिसरीचा भूगोल म्हणजे आपला जिल्हा. वर्षानुवर्षं भिंतीवर नकाशा टांगून मी पोरींकडून उस्मानाबाद जिल्ह्याच्या नद्या, डोंगर आणि पाहण्यासारखी ठिकाणं घडाघडा म्हणून घेतली. मग लातूर जिल्हा वेगळा निघाला, आम्ही त्यात गेलो, पण पुस्तक उस्मानाबादचंच राहिलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "जूनमध्ये पोरी येतील तेव्हा आपल्या जिल्ह्याचा तक्ता भिंतीवर पाहिजे. नवं पुस्तक कधी येईल देव जाणे. कुठं काय बघण्यासारखं हाय ते तुम्हीच लिहा," म्हणाल्या. मी ऐटीत मान डोलावली. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला, उदगीरचा किल्ला लिहिला आणि पेन्सिल तिथंच थांबली. बाकी मी काही पाहिलेलंच नव्हतं. पंधरा वर्षं मास्तरीण म्हणून मिरवले, आणि माझा सगळा जिल्हा काय तर घर, शाळा आणि माहेरची एसटी!

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, या जिल्ह्यांच्या भानगडीची फार गंमत वाटायची. ते जन्मले तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. मग ते उस्मानाबादेत आलं, आणि आता लातुरात. "मी कुठं हललो न्हाई," ते म्हणायचे, "घर हाय तितंच हाय. सरकारच माझ्याभवती फिरायलंय."

मी जिल्हा बघून लिहायचं ठरवलं. एरवी हे जमलं नसतं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत आहे आणि उन्हाळ्यात आमच्या ह्यांना जेवायलाही घरी यायला फुरसत नसते. पण त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. मोंढ्यात पोत्यांपेक्षा चिमण्या जास्त झाल्या होत्या. हे दुकानात गादीवर बसून दिवसभर पेपर वाचायचे, आणि संध्याकाळी तोच पेपर घरी आणून पुन्हा वाचायचे. मी म्हटलं, नाहीतरी बसलाच आहात, तर पोरांना चार ठिकाणं दाखवू. कधी नव्हे ते हे लगेच हो म्हणाले. दुष्काळानं आम्हाला सुट्टी दिली, हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते.

आम्ही दोघं, अकरा वर्षांची नंदा, सात वर्षांचा शिवा. आणि अप्पा म्हणाले, "मीबी येतो." ते नको होतं मला.

का ते सांगते. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग लहानपणी गुरूच्या हातून मिळतं आणि शेवटपर्यंत अंगावर असतं. पूजेच्या वेळी ते चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा. आमच्यातले निम्मे लोक आता आंघोळ झाली की नुसते हात जोडतात, मीसुद्धा त्यातलीच. अप्पा तसे नव्हते. पहाटे एक आणि दुपारी जेवणाआधी एक, अशा त्यांच्या दोन पूजा. दुपारची झाल्याशिवाय घास नाही. आणि लिंग हरवलंच तर सापडेपर्यंत अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. हा जुन्या लोकांचा नेम. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हा नेम सांगून ठेवला होता, विहिरीचा निसरडा काठ दाखवावा तसा. त्या आता नाहीत. तो काठ सांभाळायचं काम माझ्याकडं आलं.

पूजेच्या पाण्यासाठी अप्पांचा पितळेचा फिरकीचा तांब्या होता. तो ते स्वतः घासायचे आणि स्वतः भरायचे. प्रवासात तो धरायचा मान माझा, पण फिरकी उघडायची नाही.

हत्तीबेट

पहिल्यांदा जवळचं धरलं. देवर्जनला एसटीनं उतरलो आणि चालत निघालो. सपाट रानात एकच टेकडी, मधेच कुणी आणून ठेवल्यासारखी. पोरांनी हत्ती शोधायला सुरुवात केली. शिवाला सोंड दिसली, नंदाला फक्त पाठ. यांना तर काहीच दिसेना. वर खडकात कोरलेल्या गुहा आहेत, झिजलेल्या मूर्ती आहेत, एका साधूची समाधी आहे. तुम्ही गेला नसाल तर सकाळी लवकर जा. आम्ही पोचेपर्यंत खडक तव्यासारखा तापला होता, आणि शिवाच्या चपलेचा अंगठा तुटला. मग यांनी त्याला पाठुंगळी घेतलं. नंदा म्हणाली, "आता दिसला हत्ती." दिवसभर ती याच विनोदावर होती.

रझाकारांच्या वेळी इथं कशी तरणी पोरं लपून राहिली होती, ते अप्पांनी गुहेच्या तोंडाशी बसून सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. असं पुस्तकात कुठं मिळतं?

दुपारी अप्पांनी पूजा मांडली आणि आम्ही धपाट्यांचा डबा न उघडता बसून राहिलो. तेवढ्यात एक म्हातारा मेंढका आला. त्याची नजर थेट तांब्यावर गेली. "घोटभर पानी द्या की, अप्पा." अप्पा म्हणाले, "हे लिंगाचं हाय. दुसऱ्याला न्हाई देता येत. त्या छागलीतलं पी." छागल म्हणजे आमची कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ती भरलेली होती, म्हातारा पोटभर प्याला, आशीर्वाद देऊन गेला. कुणाला काही वाईट वाटायचं कारण नव्हतं. पूजेतून उरलेलं पाणी अप्पांनी एका वाळक्या रोपट्याला घातलं. नंदा मला हळूच म्हणाली, "आई, झाडाला चालतं का?" मी तिला डोळे मोठे करून गप्प केलं. मास्तरीण असून मुलीच्या प्रश्नाला मी असं उत्तर दिलं, हे वहीत लिहिलं नाही.

सहस्रकुंड

सहस्रकुंड आमच्या जिल्ह्यात नाही. ते नांदेडात, किनवटच्या अंगाला, पैनगंगेवर. पण पोरांनी हट्ट धरला. घरी नळाला तिसऱ्या दिवशी धार यायची, आणि रोज बादल्या मोजून बिचारी बेजार झाली होती. त्यांना एकदा ढीगभर पाणी बघायचं होतं. माझी धाकटी बहीण शांता नांदेडला असते. ती म्हणायची, "हजार धारा पडतात गं! आवाजानं एकमेकांचं बोलणं ऐकू येत न्हाई." तिनं तो धबधबा पाहिला होता भाद्रपदात. हे मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. भूगोलाच्या बाईनं विचारायला नको होतं का? पण आमचे हे म्हणाले, "एवढी मोठी नदी, घोटभर तरी असंल." आम्ही निघालो.

शांताकडं एक मुक्काम केला. नांदेडच्या माणसाचं बोलणं आमच्यापेक्षा सैल. आम्ही "काय करायलास" म्हणतो, शांताचे शेजारी "काय करून राहिला" म्हणतात. शिवा दोन दिवस तसंच बोलत होता. पहाटे अप्पांची पूजा झाली आणि आम्ही छोट्या रुळाच्या आगगाडीनं निघालो. हिमायतनगर गेलं तसं रान बदललं. सागवान सुरू झालं. आमच्याकडं बाभूळ आणि लिंब, त्यामुळं एवढं जंगल पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. पण उन्हाळ्यात सागाला पान नसतं. जंगल खरं, पण सावली कुठंच नाही.

आणि इथं आमच्या ह्यांनी घोळ घातला. छागल खिडकीबाहेर टांगली की वाऱ्यानं पाणी गार होतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. यांनी ती टांगली आणि ऐटीत डुलकी घेतली. वाटभर ती डब्याच्या पत्र्यावर घासत राहिली. उतरताना हातात घेतली तर खाली बोटभर भोक आणि आत काही नाही. "वजन कमी झालं, चालायला बरं," हे म्हणाले. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की नदीपर्यंत ते माझ्याजवळ फिरकलेच नाहीत.

शांतानं दिलेली आणखी एक बाटली होती, ती पोरांनी रस्त्यात संपवली. उरला अप्पांचा तांब्या. तो माझ्या हातात, आणि मी सगळ्यांच्या मागं.

वाटेत दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं होती. तिथून थोडं पुढं बोराटीच्या झुडपाखाली एक बाई बसली होती, बंजारा तांड्यावरची, हातभर बांगड्या, आणि मांडीवर सात-आठ वर्षांची पोर. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, डोळे अर्धे उघडे. बाई तिला पदरानं वारा घालत होती. मला बघून तिनं नुसतं तांब्याकडं पाहिलं. पुढं वळणावर आमच्या घरची माणसं दिसेनाशी झाली होती.

मी फिरकी उघडली.

पोर घटाघटा प्यायली. तांब्याला तोंड लावून प्यायली. मग उरलेलं बाईनं तिच्या डोक्यावर ओतलं. पोरीनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं तेव्हा मला जे वाटलं ते वाटलं. पुढं पंचवीस पावलं गेले आणि मग रिकाम्या तांब्याचं वजन हाताला कळायला लागलं.

अप्पा नदीच्या काठावर थांबले होते. मी म्हटलं, "अप्पा, ठेच लागली. तांब्या सांडला."

अप्पा तापट नव्हते, मारकुटे नव्हते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं नसतं. पण लिंगाच्या पाण्याला उष्टं तोंड लागलं म्हणून ते दिवसभर गप्प झाले असते आणि मला ते नको होतं. घरात सून म्हणून मी असं खूप खोटं बोलले आहे. भाजी उरली नाही तरी मला भूक नव्हती, माहेरी जायचं नव्हतंच, डोकं दुखत नाही. या खोट्यानं घर शांत राहतं. हे त्यातलंच एक.

"आसू दे," अप्पा म्हणाले. "लागलं न्हाई ना? नदी हाय की समोर."

समोर नदी कुठं होती! काळ्या खडकांचं एक मोठं मैदान होतं. जिथून धारा पडतात त्या कड्यावर फक्त पांढरे ओघळ वाळून राहिले होते. शिवा कड्याकडं बघून म्हणाला, "आई, हजार धारा कुटं गेल्या?" यांनी त्याला जवळ घेतलं. मी काय सांगणार? भूगोल माझाच विषय.

खडकात मात्र पुराच्या पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खळगे होते, तोंड अरुंद आणि आत पुरुषभर खोल. त्यातल्या एकात पाणी शिल्लक होतं आणि त्याच्याभोवती पाच-सहा बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. दोरीला डबा बांधून पाणी काढायचं आणि लुगड्याच्या दुहेरी तुकड्यातून गाळून घागरीत घ्यायचं. नारू होऊ नये म्हणून पाणी गाळून प्या, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. इथं ते कुणी शिकवायची गरज नव्हती. एकीच्या पायावर नारूचा व्रण होता.

त्यांनी अप्पांना गाळलेलं वाटीभर पाणी दिलं. अप्पा खळग्याच्या काठावरच्या खडकावर बसले. डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, काळंभोर, मोठ्या जांभळाएवढं. पाणी घातलं. सत्तरी ओलांडलेला हात, वर ऊन, खाली तापलेला खडक. लिंग निसटलं, खडकावर एकदा टणकलं आणि डुबकन् खळग्यात गेलं.

अप्पा तळहात तसाच धरून बसून राहिले. मग त्यांनी रिकामी डबी बंद केली, उठले, आणि एका खडकाच्या हातभर सावलीत जाऊन डोळे मिटून बसले.

नंदा वाटीत पाणी घेऊन गेली. "आजोबा, एक घोट." त्यांनी मान हलवली. "आता न्हाई, बाळा. ते सापडू दे." दुपारचे बारा वाजले होते, वैशाखातले. सासूबाईंचं बोलणं माझ्या कानात घण घातल्यासारखं वाजत होतं.

हे पालथे झोपून हात घालून बघत होते. खांद्यापर्यंत हात गेला तरी तळ लागेना. "आपन पानी उपसू," हे म्हणाले. अप्पांनी डोळे न उघडताच सांगितलं, "लोकांच्या पिन्याचं पानी उपसून टाकायचं न्हाई. माझ्यापायी तर न्हाईच."

बायांत एक पोक्त होती. ती म्हणाली, "टाकून कोन राहिलं, बाबा? आमाले त भरायचंच हाय. जरा लवकर भरू." तिनं तांड्याकडं तोंड करून हाक मारली. थोड्या वेळात आणखी बाया आल्या, घागरी, कळश्या, पातेलं, होतं नव्हतं ते सगळं घेऊन. डबा खाली जायचा, वर यायचा, पाणी फडक्यातून घागरीत पडायचं आणि फडक्यात काय राहिलं ते सगळ्या वाकून बघायच्या. शेवाळ. काटक्या. एक मेलेला खेकडा. आम्ही दोघी-तिघी आळीपाळीनं डबा ओढत होतो. माझ्या हाताची सालटी निघाली.

तेवढ्यात ती आली. झुडपाखालची बाई, डोक्यावर घागर आणि मागून ती पोर चालत. तिनं मला ओळखलं. कुणीतरी तिला काय झालं ते सांगितलं, तिनं अप्पांकडं पाहिलं, त्यांच्याजवळच्या रिकाम्या तांब्याकडं पाहिलं. आता ही बोलणार, माझे कान तापले. पण ती कमरेला पदर खोचून रांगेत उभी राहिली. तिच्या गप्प राहण्यानं मला जास्त लाज वाटली.

पाणी खाली गेलं तसे फडक्यात गोटे यायला लागले. असल्या खळग्यात गोटे असतातच, पाण्यात फिरून फिरून गुळगुळीत झालेले, काळे, गोल. पहिला आला तेव्हा आम्ही सगळ्या ओरडलो. यांनी पळत जाऊन अप्पांच्या तळहातावर ठेवला. अप्पांनी बोटानं चाचपला आणि परत दिला. दुसराही तसाच. तीन वाजून गेले. अप्पांच्या ओठाला चिरा पडल्या होत्या, आणि बोलावलं तर "हाव" म्हणायला त्यांना वेळ लागत होता.

हे माझ्याजवळ आले. मुठीत एक गोटा होता. दबक्या आवाजात म्हणाले, "हा बग. हुबेहूब हाय. जरा काजळी लावू. त्यांना आता काय कळणार हाय? जीव तरी वाचंल."

मी तो गोटा हातात घेतला. खरंच हुबेहूब होता. जांभळाएवढा, गार. आणि मला एकदम रडू फुटलं. हा खोटा गोटा तरी कशाला, एक खोटं मी त्यांना आधीच देऊन बसले होते!

मी अप्पांपुढं जाऊन बसले. "अप्पा," म्हटलं, "तांब्या सांडला न्हवता. मी खोटं बोलले. वाटेत एक पोर पडली होती तहानेनं, तिला पाजलं. तांब्याला तोंड लावून प्यायली ती. सांगितलं असतं तर तुमी इथं पूजेला बसलाच नसता का, मला ठाऊक न्हाई. पण खोटं बोलले."

अप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, आणि तोंड फिरवून नदीच्या कोरड्या कड्याकडं बघत बसले. यांनी माझा हात धरून मला उठवलं.

खळग्यात आता डबा बुडेना. तळाला फक्त चिखल. तेव्हा झुडपाखालची ती बाई, तिचं नाव जमना, पुढं आली. अंगानं काटकुळी. घागरा आवळला, बांगड्या कोपराच्या वर सारल्या आणि दोरी धरून त्या अरुंद तोंडातून आत उतरली. खालून ओंजळी ओंजळीनं चिखल फडक्यात बांधून वर देत होती. वर आम्ही धूत होतो. पाचव्या की सहाव्या वेळेला खालून नुसताच आवाज आला, "हे घ्या बघू."

फडकं नव्हतं. हात वर आला होता, चिखलानं माखलेला, आणि तळहातावर ते. मी पाहिलं आणि मला कळलं. कसं ते सांगता येणार नाही, गोट्यांसारखंच होतं, पण कळलं.

जमनाला वर ओढलं. ती अप्पांपुढं जाऊन थांबली आणि अडखळली. हात पुढं करावा की नको तिला कळेना. "बाबा, आमचा हात लागला याले," ती म्हणाली. "खाली ठेवू का?"

अप्पांनी डावा तळहात पसरला. "खाली कशाला? माझ्या हातातून पडलं, तुझ्या हातानं आलं. दे." तिनं ठेवलं. त्यांनी मूठ मिटली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही कुणी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा. मग ते म्हणाले, "आता पानीबी तूच घाल." जमनानं तिच्या घागरीतलं पाणी घातलं. बेल नव्हता, भस्म तेवढं होतं. पूजा झाली, आणि अप्पांनी तळहातावरचं ते गढूळ पाणी तीर्थ म्हणून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही सगळ्यांनी बायांबरोबर धपाटी खाल्ली. जमनाच्या पोरीनं तीन खाल्ली.

निघताना अप्पांनी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याशी मात्र बोलले नाहीत. गाडीत नाही, शांताकडं नाही, उदगीरला आल्यावरही नाही. हवं नको ते नंदाच्या तोंडून. मी तक्त्याचे रंग भरत बसायचे आणि वाटायचं, त्या खळग्यातून लिंग निघालं, पण माझ्या शब्दावरचा विश्वास तिथंच राहिला. खरं बोलूनही काही हाती लागलं नव्हतं.

खरोसा

पाचव्या दिवशी खरोशाला जायचं ठरलेलं होतं. तक्त्यावर लेणी पाहिजेच होती. पहाटे उठून पाहते तर अप्पा ओसरीवर बसून दोन तांबे घासत होते. एक नेहमीचा, आणि दुसरा सासूबाईंचा, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला. दोन्ही भरले, दोन्हींची फिरकी आवळली.

आमच्या ह्यांनी विचारलं, "दुसरा कशाला, अप्पा?"

"वाटंतल्या माणसाचा. तो रिकामा झाल्याबिगर आता माझी दुपारची पूजा न्हाई." आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून दोन्ही तांबे पुढं केले.

खरोशाची टेकडी तांबड्या जांभ्या दगडाची. ओळीनं लेणी खोदली आहेत. आत गार अंधार, मोठाले खांब, कैलास हलवणारा रावण, शंकर-पार्वती, एका ठिकाणी बुद्धही. सगळे एका डोंगरात शेजारी शेजारी. पोरं दुमजली लेण्यात चढ-उतार करत राहिली. मी वही भरली. बघून घ्या एकदा. लोक वेरूळला जातात आणि खरोशाचा फाटा वाटेत सोडून देतात.

पंचाईत अशी की त्या दिवशी तिथं तहानलेलं चिटपाखरू नव्हतं. एसटीत अप्पांनी कंडक्टरला विचारलं होतं, तो म्हणाला आत्ताच चहा घेतला. पायथ्याच्या गुराख्याकडं त्याचा पाण्याचा भोपळा भरलेला होता. वर देवीच्या देवळात एक पुजारी होता, तो झोपलेला. शिवानं त्याला उठवायची तयारी दाखवली, पण अप्पा नको म्हणाले. एक वाजला. डबा उघडायचा नाही. अप्पा लेण्याच्या दाराशी दोन्ही तांबे पुढ्यात ठेवून बसले होते.

"मला पाजा की, अप्पा," हे म्हणाले.

"तू आत्ताच छागलीतून पिलास. मी बघितलं."

नंदा म्हणाली, "मी पिते, आजोबा." तीही दोनदा प्यायली होती. "तसं न्हाई, बाळा. तहानेला पाहिजे." आणि मग बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली.

"सूनबाई, तू कवा पिलीस?"

मला आठवेना. सकाळी चहा घेतला होता. छागल नवी, पाणी मोजकं. ती आधी पोरांना, मग यांना, अप्पांची पूजा, अप्पांचं जेवण, मग सगळ्यांचं झाल्यावर मी. असं कुणी सांगितलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तसंच चाललं होतं.

"मी जेवल्यावर पिईन, अप्पा."

"ते न्हाई इचारलं. तहान लागली का?"

"न्हाई" हा शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. इतक्या वर्षांची सवय. अप्पा वाट बघत होते. चार दिवसांत त्यांनी पहिल्यांदा मला काही विचारलं होतं.

"लागली," मी म्हटलं. "लई लागली, अप्पा."

त्यांनी सासूबाईंच्या तांब्याची फिरकी काढली. मी ओंजळ केली आणि ते वरून धार धरून उभे राहिले. मी अर्ध्यातच थांबले तर म्हणाले, "पी. पुरतं पी." मी पुरतं प्याले, गळ्यावरून, चोळीवरून ओघळेपर्यंत. आमचे हे आणि पोरं उभी राहून बघत होती.

अप्पांनी तांब्या उपडा करून बघितला. एक थेंब पडला. मग त्यांनी गळ्यातली डबी उघडली आणि पूजेला बसले.